चिरंजीव-सूनबाई फिरायला निघाले, तर जाऊ द्या!

"आमचा मुलगा व सून दोघेही मुंबईत नोकरी करतात. दिवाळीनंतर आम्ही उभयता पंधरा दिवस त्यांच्याकडे राहून आलो. आठवडाभर दोघांचे तोंड दिसत नाही आणि रविवारी संध्याकाळी नातवाला आमच्याजवळ ठेवून दोघेच समुद्रावर जातात. याला ते 'डेट' म्हणतात. लग्नाला सात वर्षे झाल्यावर ही थेरं कशासाठी? डॉक्टर, आपण यावर चार शब्द लिहावेत, म्हणजे कात्रण मुलाला पाठवता येईल."

एका निवृत्त वाचकांचे हे पत्र आहे. चार शब्द जरूर लिहितो. मात्र हे कात्रण त्यांना मुलाकडे पाठवावेसे वाटेल की नाही, याची खात्री देत नाही.

'डेट' हा शब्द ऐकला की आपल्या गावाकडे कपाळाला आठी पडते. आपल्याकडे तारीख असते ती कोर्टाची, नाही तर लग्नाची. पण शब्द घटकाभर बाजूला ठेवा आणि प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. जन्माची गाठ बांधलेली दोन माणसे आठवड्यातून दोन-तीन तास कचेरी, दूधवाला, शाळेची फी, घराचा हप्ता हे सगळे विसरून एकमेकांच्या सोबतीने बसतात. यात थेर कुठले आले? माझ्याकडे रक्तदाबाची तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येकांना मी हेच औषध लिहून देईन. अडचण एवढीच, की ते औषधांच्या दुकानात मिळत नाही.

लहान गावात याची गरज भासत नाही, कारण ती न मागता भागते. घराला माडी असते, परसदार असते. शेतावर जाताना, बाजाराच्या दिवशी, देवदर्शनाच्या निमित्ताने नवरा-बायकोला चार गोष्टी बोलायला वाट मोकळी सापडते. मुंबईत ही वाटच नाही. विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे तीन तास लोकलमध्ये, तेही नवरा पुरुषांच्या डब्यात आणि बायको बायकांच्या डब्यात! बीडीडी चाळींतल्या जुन्या खोल्यांचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. अशा एका खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या. नवपरिणित जोडप्याच्या या कुचंबणेवर राजा ठाकूर यांनी १९७० साली 'मुंबईचा जावई' हा चित्रपट काढला आणि १९७२ मध्ये बासू चटर्जींनी तीच कथा 'पिया का घर' म्हणून हिंदीत नेली. प्रेक्षक पोट धरधरून हसले. पण हसणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी मधे दोरी बांधून पडदा लावलेला होता. आता चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत, खोल्या एकाच्या दोन झाल्या आहेत. निवांतपणा मात्र वाढलेला नाही, कारण खोली मिळाली तर वेळ मिळत नाही.

आता प्रकृतीचा मुद्दा. सतत ताणाखाली असलेल्या माणसाच्या शरीरात कॉर्टिसॉल व अॅड्रिनॅलिन ही संप्रेरके गरजेपेक्षा जास्त काळ चढलेली राहतात. रक्तदाब वाढतो, झोप तुटक होते, पित्त उसळते. मुंबईहून सुटीला आलेली तरुण मंडळी दवाखान्यात याच तक्रारी सांगतात आणि पित्ताच्या गोळ्यांची पट्टी घेऊन परत जातात. घरातली धुसफूस हा या ताणातला मोठा वाटेकरी असतो, हे कोणी सांगत नाही.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात जेनिस कीकोल्ट-ग्लेझर या विदुषीने २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४२ विवाहित जोडप्यांच्या हातावर मुद्दाम बारीक फोड उठवून ते किती दिवसांत भरतात, हे मोजले. एकदा जोडप्यांना एकमेकांना आधार वाटेल असे बोलायला लावले, दुसऱ्यांदा वादाच्या विषयावर बोलायला लावले. वादानंतर जखम भरायला वेळ अधिक लागला. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात कडवटपणा फार होता, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या तुलनेत साठ टक्क्यांवर आला होता. "मनाला लागले" असे आपण म्हणतो, ते अंगालाही लागते.

प्रयोग आणखीही एक आहे आणि तो गमतीचा आहे. आर्थर अॅरन या मानसशास्त्रज्ञाने २००० साली काही जोडप्यांचे हातपाय एकमेकांना बांधले आणि गाद्यांवरून रांगत, एक उशी हातांचा वा दातांचा उपयोग न करता पुढे न्यायला सांगितले. काहींना तसलेच पण रटाळ काम दिले. अवघ्या सात मिनिटांच्या या धडपडीनंतर पहिल्या गटातील जोडप्यांना आपले नाते अधिक बरे वाटू लागले. दोघांनी मिळून काही नवीन, थोडे धांदलीचे केले की एकमेकांविषयीचा उबग कमी होतो, हा त्यातला भाग आपण घ्यावा. उशी ढकलण्याची गरज नाही.

म्हणूनच मुंबईतील जोडप्यांनी जावे कुठे, याविषयी माझी काही ठाम मते आहेत. मॉलमध्ये जाऊन सिनेमा पाहणे, ही माझ्या मते सर्वांत निरुपयोगी भेट. अडीच तास अंधारात तोंड मिटून बसायचे, खारट लाह्यांची बादली संपवायची आणि पाकीट हलके करून घरी यायचे. त्यात बोलणे नाही, चालणे नाही. त्यापेक्षा दादरला शिवाजी मंदिरात किंवा पार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात नाटक पाहावे आणि नंतर रस्त्याने चालत त्यावर भांडावे. हे भांडण प्रकृतीला अपायकारक नाही.

मरीन ड्राइव्ह तर फुकटचे औषधालय आहे. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत रमतगमत चालले तरी पाऊण तास सहज जातो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सांगते; त्यातला मोठा हिस्सा एका संध्याकाळी पदरात पडतो. समुद्राकडे तोंड करून शेजारी बसले की एकमेकांच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि अवघड गोष्टी अशाच वेळी तोंडातून निघतात. कर्जाची, आजाराची, आई-वडिलांच्या काळजीची बोलणी जेवणाच्या टेबलावर जमत नाहीत, ती कठड्यावर जमतात. शिवाजी पार्कचा कट्टाही असाच. एक फेरी किलोमीटरहून थोडी अधिक भरते.

चालण्यापेक्षा जास्त दम काढायचा असेल, तर बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान. प्रवेशद्वारापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. शंभराहून अधिक लेणी, खडकात कोरलेली पाण्याची टाकी, वर गेल्यावर जंगलापलीकडे दिसणारे शहर! पायऱ्या चढताना नाडी वेगाने चालते आणि एकमेकांना हात द्यावा लागतो. पाणी बरोबर न्यावे. खाण्याची पिशवी माकडांच्या डोळ्यांवर येऊ देऊ नये. ज्यांना एवढे चढवत नाही, त्यांनी भायखळ्याची राणीची बाग पाहावी. तिथे पेंग्विन पाहायला गर्दी होते, ती होऊ द्यावी. आपण जुन्या झाडांकडे वळावे. गोरखचिंचेचे ते अवाढव्य खोड पाहून माणसाला आपल्या हप्त्यांचा थोडा वेळ विसर पडतो. पावसात काळा घोड्याजवळची जहांगीर कलादालनाची इमारत बरी. १९५२ पासून ती उभी आहे आणि आत जायला तिकीट लागत नाही. चित्र समजले पाहिजे, अशी सक्तीही नाही.

लाल डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा पटकावणे, हा एकेकाळी गरिबांचा मधुचंद्र होता. त्या जुन्या गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबलडेकर आल्या आहेत. वारा तोंडावर येत नाही, पण खिडकी मोठी आहे.

आता पथ्यपाणी. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळी खडकांवर बसू नये, म्हणजे नये. जुलै २०२३ मध्ये वांद्र्याच्या किनाऱ्यावर खडकावर बसलेले एक जोडपे लाटेच्या तडाख्यात सापडले आणि पत्नी वाहून गेली. भरतीच्या वेळा व लाटांची उंची वर्तमानपत्रात येते, ती पाहून निघावे. घारापुरीला बोटीने जाणे हा तासाभराचा सुंदर प्रवास आहे. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये त्या मार्गावरील प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून अनेकांचे प्राण गेले. उकडते म्हणून जीवरक्षक जाकीट काढून ठेवणाऱ्या शूरवीरांनी हे ध्यानात घ्यावे.

चौपाटीवरची भेळ खावी. पाणीपुरी व बर्फाचा गोळा यांविषयी मात्र माझे मत वाईट आहे. विषमज्वर आणि कावीळ यांचा शिरकाव दूषित पाण्यातून होतो, आणि गाडीवरचे पाणी कुठून आले, हे प्रेमात पडलेली माणसे विचारत नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट स्त्रियांची आहे आणि ती लिहायला संकोच करून चालणार नाही. बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून असंख्य स्त्रिया घरून निघताना पाणीच पीत नाहीत, आणि तासन्‌तास लघवी रोखून धरतात. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यातूनच बळावतो. मुंबईत २०११ पासून स्त्रियांनी 'राइट टू पी' या नावाने चळवळ चालवली ती याच मागणीसाठी. तेव्हा नवरोजींनी फिरायची जागा ठरवताना सूर्यास्त कुठून छान दिसतो याआधी स्वच्छतागृह कुठे आहे, हे पाहून ठेवावे. सात वर्षांच्या संसारानंतर यापेक्षा मोठे प्रेम ते कोणते?

आणखी एक अडथळा समाजाने घातलेला आहे. दोघे जवळ बसलेले दिसले की हटकणारे, काठी आपटणारे, "लग्नाचे सर्टिफिकेट आहे का" असे विचारणारे मुंबईतही कमी नाहीत. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ व आक्सा भागातील हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी अनेक जोडप्यांना ठाण्यात नेले. सज्ञान असूनही काहींच्या घरी कळवण्यात आले. सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनाबद्दलचे कलम लावून बाराशे रुपये दंड करण्यात आला, तोही बंद खोलीतल्या माणसांना! त्यावर एवढी ओरड झाली की पोलीस आयुक्तांना चौकशीचा आदेश द्यावा लागला. २०२१ साली बोरिवलीतील एका सोसायटीच्या रहिवाशांनी तर समोरच्या रस्त्यावर चुंबनबंदीची पाटीच रंगवली. रहिवाशांना होणारा त्रास मी समजू शकतो. मोटारगाडीत बसून कोणाच्या खिडकीसमोर काहीही करावे, असे मी म्हणत नाही. परंतु ज्या शहराने जोडप्याला घरात कोपरा दिला नाही, त्याने बाकावरूनही त्यांना उठवावे, हे मला पटत नाही. धसक्याने बसलेल्या माणसाचा रक्तदाब उतरत नाही, चढतो. ज्यांचे लग्न ठरले आहे आणि ज्यांना एकमेकांचा स्वभाव जाणून घ्यायचा आहे, त्यांना तर उजेडातली, माणसांच्या वर्दळीतली, निर्भय जागा मिळालीच पाहिजे. ती नाकारली की ती मुले आडजागा शोधतात, आणि आडजागेचे धोके मी सांगायला नकोत.

आपल्या जिल्ह्यातून शेकडो मुले-मुली मुंबईला गेली आहेत. आपण वडीलधारी मंडळी तिकडे जातो, तेव्हा त्या दोन खोल्यांतली एक आपण व्यापतो. हा आपला दोष नव्हे, पण त्याची जाणीव असावी. रविवारी संध्याकाळी नातवाला वरणभात भरवणे हे काम नव्हे, ते आजी-आजोबांचे सुख आहे. मुले परतल्यावर "इतका वेळ कुठे होता?" हा प्रश्न गिळावा. सुनेच्या आईकडून फोन आला तर "दोघे फिरायला गेलेत" हे वाक्य तक्रारीच्या सुरात न म्हणता साध्या सुरात म्हणावे. सूर फोनवरून बरोबर पोहोचतो. आणि मुलांनीही फिरायला जाताना मोबाइल खिशात ठेवावा. समुद्रासमोर बसून दोघांनी आपापल्या पडद्यात डोके घालायचे असेल, तर ते घरी बसूनही करता येते आणि रिक्षाचे पैसे वाचतात.

राहता राहिले आजी-आजोबा. मुंबईच्या मुक्कामात एखादी सकाळ तुम्ही दोघांनीही काढावी. गुडघे दुखत असतील तर कान्हेरीच्या वाटेला जाऊ नका. राणीच्या बागेत सावली आहे, बसायला बाके आहेत. बुधवारी बाग बंद असते. मधुमेह असेल तर खिशात चार बिस्किटे ठेवा, रक्तदाबाची गोळी घेऊनच निघा आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परता. आजोबांनी पुढे आणि आजींनी दहा पावले मागे, असे मात्र चालू नये.