आकाश खुले झाले, प्रयोगशाळांचे काय?

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘विक्रम-एस’ आकाशात झेपावला, तेव्हा भारतीय खासगी कंपनीने बांधलेला अग्निबाण प्रथमच या भूमीवरून उडाला. हैदराबादच्या ‘स्कायरूट’चे हे यश. पुढे ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या ‘अग्निकुल’ने त्रिमिती मुद्रणाने एकसंध घडवलेल्या इंजिनावर आपला अग्निबाण उडवून दाखवला. २०२० साली अवकाशक्षेत्र खासगी उद्योगांना खुले करण्याचा निर्णय झाला, त्याची ही फळे होत. त्यांचे मनःपूर्वक स्वागतच करायला हवे. ‘खासगीकरण’ हा शब्द कानावर पडताच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, विक्रोळीच्या गोदरेजने आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने इस्रोच्या यानांचे महत्त्वाचे भाग अनेक वर्षे घडवले आहेत. उद्यमशील स्वदेशी भांडवल या क्षेत्राला नवखे नाही.

अवकाशापाठोपाठ अणुऊर्जेचेही दार उघडले आहे. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने ‘शांती’ विधेयक संमत केले आणि १९६२चा अणुऊर्जा कायदा इतिहासजमा झाला. २०४७पर्यंत शंभर गिगावॉट अणुवीज हे उद्दिष्ट आहे. २०२५ साली ही क्षमता नऊ गिगावॉटच्याही आत होती. एवढी मजल एकट्या सरकारी तिजोरीच्या बळावर गाठता येणार नाही, हे उघड आहे. मात्र यंत्रसामग्री पुरवणाऱ्याच्या उत्तरदायित्वाचे २०१०च्या कायद्यातील कलम नव्या कायद्यात उरलेले नाही. भोपाळ अनुभवलेल्या देशात या मुद्द्यावर अधिक सखोल चर्चा व्हायला हवी होती.

तथापि भांडवल आणि कायदा यांपेक्षाही अवघड प्रश्न आहे तो माणसांचा. हे अग्निबाण घडवणारे तरुण कोठून आले? ‘स्कायरूट’चे दोन्ही संस्थापक आयआयटीत शिकले आणि इस्रोत घडले. ‘अग्निकुल’ आयआयटी मद्रासच्या आवारात वाढली. म्हणजे खासगी यशाच्या मुळाशी राष्ट्राने पै-पै जमवून उभारलेल्या संस्था आहेत. विहिरीतून पाणी उपसावे, त्यासाठीच ती खणलेली असते. परंतु झरे जिवंत आहेत की नाहीत, हे पाहणार कोण?

येथे थोडे मागे वळून पाहावे लागेल. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर संशोधन कोठे व्हावे, याविषयी आपल्या वैज्ञानिकांत मतभेद होते. मेघनाद साहा यांचा कल विद्यापीठांकडे होता. डॉ. होमी भाभा यांनी स्वतंत्र संस्थांचा मार्ग धरला आणि तोच प्रभावी ठरला. १९५७ साली ट्रॉम्बे येथे अणुशक्ती आस्थापनेची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. अर्धशतकानंतर, २००७मध्ये, अवकाश विभागाने तिरुवनंतपुरम येथे स्वतःची शिक्षणसंस्था काढली. तारापूर येथे १९६९ साली अमेरिकी अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि १९७४च्या पोखरण चाचणीनंतर त्यांच्या इंधनाची कोंडी झाली, तेव्हा राष्ट्र डगमगले नाही, याचे श्रेय या घरच्या घरी घडवलेल्या पिढीलाही आहे. भाभांचा मार्ग फळला, यात शंका नाही. पण त्याची किंमत विद्यापीठांनी मोजली. संशोधन एकीकडे गेले, अध्यापन दुसरीकडे राहिले. विद्यापीठे हळूहळू परीक्षा घेणारी आणि पदव्या वाटणारी कार्यालये होत गेली. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागासारखी, आता स्वतंत्र विद्यापीठ झालेली, उद्योगांना माणसे आणि ज्ञान दोन्ही पुरवणारी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच!

सरकार स्वतःची शाळा काढू शकत होते. चार वर्षांत परतावा दाखवण्याच्या घाईत असलेली कंपनी ते करील, ही अपेक्षाच भाबडी आहे. ती तयार माणूस उचलेल, आणि तो बहुधा इस्रोतून किंवा भाभा अणुसंशोधन केंद्रातून उचलेल. शिवाय खासगी अणुभट्ट्यांवर देखरेख ठेवायची तर नियामक मंडळाकडेही तितकेच जाणकार, आणि कंपनीच्या पगाराला न भुलणारे, अभियंते हवेत. तेही याच झऱ्यातून यायचे आहेत.

आणि झऱ्याची अवस्था काय? देशाचा संशोधनावरील खर्च सकल उत्पन्नाच्या एक टक्काही नाही. २०२३च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये योजले गेले. त्यांतील सुमारे छत्तीस हजार कोटी उद्योगांकडून व अन्य स्रोतांतून यावेत, अशी कल्पना होती. भारतीय उद्योगांचा संशोधनातील आजवरचा हात पाहता ही अपेक्षा धाडसाचीच म्हणावी लागेल. खुद्द महाराष्ट्रात पदार्थविज्ञान शिकवणारा प्राध्यापक तासिका तत्त्वावर, एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात धावत, वर्षानुवर्षे नियमित नेमणुकीची वाट पाहतो. पीएच.डी. झालेल्या माणसाची ही परवड डोळ्यांसमोर असताना कोणता बुद्धिमान विद्यार्थी मूलभूत विज्ञानाकडे वळेल? घरोघरचे पालकही मग मुलाला संगणकाच्याच शाखेकडे ढकलतात. त्यांना दोष कसा द्यावा?

केंद्राने अवकाश आणि अणुऊर्जेचे परवाने देताना कंपनीने एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचे पालकत्व घ्यावे, अशी अट घालता येईल. देणगी म्हणून नव्हे, कराराने. उपकरणे, शिष्यवृत्त्या आणि कंपनीतील अभियंत्यांचे अध्यापन यांसह. राज्य सरकारला तर त्यासाठी कोणत्याही नव्या धोरणाची गरज नाही. विज्ञान विभागांतील रिक्त पदांच्या याद्या उच्च शिक्षण विभागाकडे आहेत. येत्या जूनमध्ये महाविद्यालये उघडण्यापूर्वी त्या जागांच्या जाहिराती निघाव्यात.