साखरेच्या पाण्यातही एलईडी लागतो तेव्हा



"मिठाचे पाणी सुवाहक, साखरेचे पाणी दुर्वाहक." हे वाक्य मुलं घडाघडा म्हणतात. आता हाच प्रयोग वर्गात करून बघा. नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, त्याला जोडून ४७० ओहमचा रोधक आणि पेन्सिलीची दोन शिसं, एवढं साहित्य पुरतं. बोअरच्या पाण्यात साखर विरघळवली तर एलईडी मंद का होईना, पण लागतो. मग मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, साखरेतून पण वीज जाते की!" अशा वेळी "प्रयोग फसला" म्हणून साहित्य आवरून ठेवू नका. माझ्या मते खरा पाठ इथूनच सुरू होतो.

त्या मुलाने जे पाहिलं ते बरोबरच आहे. वीज नेली ती साखरेने नव्हे, तर पाण्यात आधीच विरघळलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या क्षारांनी. त्याला हे सांगण्याऐवजी शोधू द्या. आधी नुसतं बोअरचं पाणी तपासायचं, मग बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, मग त्यात साखर, आणि दुसऱ्या ग्लासात मीठ. शिसं दर वेळी धुऊन घ्यायची, नाहीतर पुन्हा घोळ. कोरडं मीठही तपासा हं. त्यात एलईडी लागत नाही! म्हणजे "मीठ सुवाहक" हेही अर्धवटच. कोरड्या मिठात सोडियम आणि क्लोराइडचे प्रभारित कण, म्हणजे आयन, जागेवर जखडलेले असतात. पाण्यात ते सुटे होतात, फिरतात आणि प्रभार वाहून नेतात. साखरेचे रेणू विरघळूनही अखंड राहतात, त्यांच्यावर प्रभार नसतो.

ही कल्पना मोठ्यांनाही सहज पटली नव्हती बरं का. स्वीडनच्या आऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये याच विषयावर प्रबंध दिला, तेव्हा विद्यापीठाने त्याला खालची श्रेणी दिली. १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मिठाच्या पाण्यात शिसांजवळ बुडबुडे येतात. ऋण टोकाला हायड्रोजन, तर धन टोकाला थोडा क्लोरीन. टीसीएल पावडरचा वास ओळखणारी मुलं लगेच नाक मुरडतील. म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि प्रयोग काही सेकंदच करा. घरातल्या प्लगची वीज यात कधीही वापरायची नाही, हे मुलांना दोनदा बजावा.

"मग पाणी दुर्वाहक असेल तर ओल्या हाताने बटण दाबलं तर काय होतं?" हा प्रश्न येणारच, आणि तो टाळू नका. समुद्राचं पाणी अतिशुद्ध पाण्याच्या जवळजवळ दहा लाख पट वीज वाहून नेतं. आपल्या नळाचं, विहिरीचं पाणी या दोन्हींच्या मधलं. त्यात क्षार असतातच, हातावरच्या घामातही मीठ असतं. मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्या मुलाला "पाण्यातून शॉक बसतो" एवढंच पाठ असून भागत नाही. त्याला कारणही कळू दे.

एक तास जास्त जाईल. जाऊ द्या.