वाघाचे फोटो सगळेच काढतात, आजीचा कोण काढणार?



चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलांचा एक प्रश्न मला ठरलेला असतो. "सर, वाइल्डलाइफ फोटोग्राफीचा बिझनेस टाकायचाय, कोणता कॅमेरा घेऊ?" ताडोबा दाराशी आहे, म्हणजे वाघ काढायचा आणि विकायचा, असा सरळ हिशोब. मी यावर जरा कडूच बोलतो, राग मानू नका.

मोहर्ली किंवा कोलारा गेटवर सकाळी पाच वाजता उभे राहून बघा. लोक लाखांच्या लेन्स मांडीवर घेऊन जिप्सीत बसलेले असतात आणि संध्याकाळी तेच फोटो इन्स्टाग्रामवर फुकट टाकतात. जो माल दुसरे हौसेने फुकट वाटतायत, तो तुम्ही कोणाला विकणार? वर सफारीचा खर्च तुमच्या खिशातून, मंगळवारी जंगल बंद, आणि जुलै ते सप्टेंबर कोअर बंद. वाघ काढा, जरूर काढा. पण घरचा किराणा त्याच्यावर ठेवू नका.

मग धंदा कुठे आहे? तुमच्याच तालुक्यात आहे, तुम्हाला तो लहान वाटतो एवढंच. पासपोर्ट साइज, शाळेचे ग्रुप फोटो, तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंतची लग्नं. बफरमधल्या गावांत होमस्टे चालवणारे आहेत, त्यांना खोलीचे, अंगणाचे, जेवणाच्या ताटाचे नीट फोटो लागतात. आता त्यांच्याकडे मोबाईलवर काढलेला एक अंधारा पलंग असतो. तो बघून पुण्याचा माणूस बुकिंग करत नाही हो.

आणि झाडीपट्टी! हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं, ते थेट होळीपर्यंत. वडसा म्हणजे आपलं देसाईगंज, ही या नाटकांची पेठ. कंपन्यांची बुकिंगची ऑफिसं तिथे. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याला जाग आली, पण ही उलाढाल तुमच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं चालू आहे. नवीन नाटक म्हणजे नवीन पोस्टर, नवीन बॅनर, प्रत्येक कलाकाराचा फोटो. मी पाहिलेल्या कितीतरी पोस्टरांवर चेहरे कुठून कुठून कापून चिकटवलेले होते, एकाचा उजेड डावीकडून, दुसऱ्याचा उजवीकडून. सीझनच्या आधी एखाद्या कंपनीकडे जा, एका दिवसात सगळ्या कलाकारांचे फोटो एकाच लाइटमध्ये काढून देतो म्हणा. पहिल्या वर्षी दर कमी ठेवा, पण फुकट करू नका.

आता फुकटवर आलोच आहोत तर मुद्द्याचं बोलतो. "समाजासाठी काहीतरी करायचंय सर," असंही बरेच जण म्हणतात. चांगलंच आहे. पण मग होतं काय? एखाद्या रविवारी गावात मोफत फोटो शिबिर, मागे स्वतःच्या नावाचा फ्लेक्स, पोट्ट्यांना बिस्किटं, आणि दिवसभराची रील. त्या गावाच्या चौकात पासपोर्ट फोटो काढून पोट भरणारा एक भाऊ बसलेला असतो. त्याचं आठवड्याचं गिऱ्हाईक तुम्ही एका दिवसात नेलंत. याला परतफेड म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात. माझं मत साधं आहे: जे बाजारात विकलं जातं ते फुकट वाटू नका. जे कोणीच पैसे देऊन करून घेत नाही, पण ज्याची गरज आहे, ते द्या.

असं काय आहे? स्टुडिओवाल्यांना विचारा. घरात म्हातारं माणूस गेलं की मुलगा धावत येतो, हातात आधार कार्ड. "एवढाच फोटो आहे, मोठा करून द्या." तो करडा, तोंड ताणलेला फोटो फ्रेममध्ये जातो आणि त्याला हार पडतो. सगळं आयुष्य धानाच्या बांधीत काढलेल्या बाईचा एकही धड फोटो घरात नसतो. आणि जिवंतपणी स्वतःसाठी फोटो काढायला ती स्टुडिओत कधीच येणार नाही.

हे मला कसं कळलं तेही सांगतो, त्यात माझीच चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी धानोरा तालुक्यातल्या एका गावात एका कामासाठी फोटो काढले. एका आजीला म्हटलं, पुढच्या खेपेला फोटो आणून देतो. पुढच्या खेपेला गेलो तर रिकाम्या हाताने. आजी म्हणाली, "फोटू आनला का गा बाबू?" मी हसून वेळ मारून नेली. तिसऱ्यांदा प्रिंट घेऊन गेलो तेव्हा भिंतीवर आधारचा फोटो लागला होता. मुलाने माझ्या हातातला फोटो घेतला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "किती पैसे झाले?" त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

अमेरिकेत जेरेमी काऊआर्ट नावाच्या फोटोग्राफरने 'हेल्प-पोर्ट्रेट' नावाचा उपक्रम सुरू केला. डिसेंबरमध्ये फोटोग्राफर एकत्र येतात, गरजू माणसांचा फोटो काढतात आणि प्रिंट त्यांच्याच हातात देतात. फोटो स्वतःच्या पोर्टफोलिओसाठी नाही, त्या माणसासाठी. आपल्याकडे याला खर्च किती? समजा एक प्रिंट 20 रुपयांना पडली. महिन्याला दहा म्हातारे-म्हाताऱ्या धरा, 200 रुपये. एका लग्नाच्या ऑर्डरमधून वर्षाचं निघतं. लग्नाला गेलातच तर मांडवात बसलेल्या आजी-आजोबांचे दोन फोटो जास्तीचे काढा आणि अल्बमसोबत वेगळी प्रिंट द्या. वेगळी ट्रिपसुद्धा लागत नाही.

दुसरी एक गोष्ट तुम्हाला जमेल, बाहेरच्याला जमणार नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडे वाघाने गाय मारली, रानडुकराने धान लोळवलं, तर भरपाईसाठी वनविभागाला लवकर कळवावं लागतं आणि पंचनामा होतो. त्यावेळी नीट फोटो हाताशी असले तर शेतकऱ्याची बाजू मजबूत होते: जवळून एक, लांबून एक, ज्यात बांध किंवा झाड ओळखू येईल. गावातल्या दोन पोरांना मोबाईलवर एवढं काढायला शिकवा. मात्र मेलेल्या जनावराजवळ एकट्याने जायचं नाही, हे आधी शिकवा. वाघ तिथेच बसलेला असू शकतो.

आणि काही गोष्टी न करणं हीसुद्धा परतफेडच. वाघिणीची पिल्लं नेमकी कुठे आहेत ते टाकू नका. भामरागड-एटापल्लीत माडिया बाईचा फोटो तिला न विचारता काढून "ट्रायबल ब्यूटी" म्हणून विकू नका. मेंढा-लेखासारख्या गावात तर ग्रामसभेला विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेरच काढू नका. 2009 मध्ये त्या गावाने सामूहिक वनहक्क मिळवला, तिथे गावाचे निर्णय गाव घेतं.

भांडवलाचं थोडक्यात. पहिला कॅमेरा जुना घ्या. मुद्रा कर्जाच्या 'शिशु' गटात 50,000 पर्यंत मिळू शकतात, तेवढ्यात वापरलेली बॉडी, एक लेन्स आणि एक फ्लॅश बसवता येतो. उद्यम नोंदणी सरकारी वेबसाइटवर मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका.

वडसा, आरमोरी, मूल भागात कोणी नाटक कंपनीचं काम घेत असेल तर मला दर कळवा. माझा अंदाज आहे की तुम्ही फारच कमी घेताय.