कट् कट् कुठून येते?

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. स्प्रिंग-मास-डॅम्परचं गणित मी झोपेतही सोडवतो, पण दिवाळीत काकांच्या पिकअपने माझी पार जिरवली.

वळताना पुढच्या डाव्या चाकाकडून कट् कट् आवाज. भाजीची गाडी, रोजचा धंदा. गॅरेजवाल्याने आधी शॉकअब बदलले, मग स्टॅबिलायझरचे बुश. पैसे गेले, आवाज तसाच! काका म्हणाले, "इंजिनिअर, आता तू सांग." मी चासीखाली जॅक लावून चाक हलवलं. काहीच नाही. शेजारच्या फिटरचाचांनी हसून जॅक खालच्या आर्मखाली सरकवला. या गाडीत स्प्रिंगचा भार त्याच आर्मवर; तो जॅकने पेलल्याशिवाय बॉल जॉइंट मोकळा होत नाही, झीज लपून राहते. काकांना ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं, म्हणजे बेअरिंगचा संशय नको. मग चाक वरून-खालून धरून हलवलं, तर खालच्या बॉल जॉइंटमध्ये चक्क खेळ! तो निसटला असता तर भरल्या गाडीचं चाक आडवं झालं असतं. नवा जॉइंट, अलाइनमेंट, आवाज बंद.

गॅरेजवाल्यावर माझा राग नाही. तो अंदाजाने पार्ट बदलत होता, मी तरी वेगळं काय करत होतो? आपल्या लॅबमध्ये सस्पेन्शनचं मॉडेल रंगवून काचेत ठेवलंय. सर, रागावू नका, पण एक झिजलेला फ्रंट एंड आणि एक जॅक द्या. जर्नल रात्री हॉस्टेलवर लिहू, नाहीतरी कॉपीच करतो.