निवडणूक, न्यायालय आणि आपण

भोपाळ नगर निगमाच्या परिषदेची मुदत २०२० च्या आरंभी संपली आणि नवी परिषद निवडली गेली ती जुलै २०२२ मध्ये. मधली सुमारे अडीच वर्षे आपल्या ८५ वॉर्डांचा कारभार प्रशासकाकडे होता. गटार तुंबले किंवा नळाला पाणी आले नाही तर हक्काने ज्याचे दार ठोठवावे, तो पार्षदच नव्हता.

हे घटनेला धरून होते काय? मुळीच नाही. मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक, असे घटनेचे कलम २४३-यू स्पष्ट सांगते. २००६ साली किशनसिंह तोमर प्रकरणात घटनापीठानेही हेच बजावले होते. तरीही कोरोना, वॉर्डांची फेररचना, आरक्षणाचा वाद अशी कारणे एकामागून एक येत गेली. अखेर १० मे २०२२ रोजी सुरेश महाजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत निवडणूक जाहीर करण्याचा आदेश दिला. राज्यातील २३ हजारांहून अधिक स्थानिक संस्था तेव्हा लोकप्रतिनिधींविना होत्या. १८ मे रोजी न्यायालयाने ५० टक्क्यांच्या मर्यादेत इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासही अनुमती दिली आणि ६ जुलैला भोपाळने मतदान केले.

महाराष्ट्रातील आपल्या नातलगांना याहून अधिक थांबावे लागले. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये. तेथे ऑगस्ट २०२२ मध्ये 'जैसे थे'चा आदेश सर्वोच्च न्यायालयाचाच होता आणि मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगणारेही तेच न्यायालय. म्हणजे न्यायालयात गेले की काम लवकर होते, असे समजण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट मतदारांनी नीट समजून घ्यावी. निवडणूक वेळेवर व्हावी यासाठी उच्च वा सर्वोच्च न्यायालयाकडे जाता येते. परंतु निकालाविषयी तक्रार असेल तर कलम २४३-झेडजीनुसार मार्ग निवडणूक याचिकेचाच. आपल्या राज्यात नगर निगमाची अशी याचिका ३० दिवसांच्या आत जिल्हा न्यायाधीशांपुढे दाखल करावी लागते. चंडीगडच्या महापौर निवडणुकीत मतपत्रिकांवर खुणा करून आठ मते बाद ठरवली गेली, तेव्हा २० फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालच फिरवला. तो न्याय योग्यच होता, पण तो अपवाद होता. प्रत्येक वॉर्डाच्या भांडणात दिल्ली धावून येणार नाही.

आमचे मत असे की, न्यायालयाने बंद दार उघडून द्यावे. घर चालवणे हे आपले काम. पिढ्यान्पिढ्या येथे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांतही कोणाचे नाव जुन्या वॉर्डात राहिलेले असते, तर कोणाचे यादीतच नसते, आणि हे कळते मतदानाच्या दिवशी. त्या दिवशी कोणतेही न्यायालय उपयोगी पडत नाही. मतदार यादीचे प्रारूप प्रसिद्ध होताच नावे तपासावीत, दावे-हरकती मुदतीत द्याव्यात. २०२२ मध्ये निवडलेल्या परिषदेची पाच वर्षे २०२७ मध्ये भरतात. निवडणूक वेळेवर होईल ना, हा प्रश्न प्रत्येक पक्षाला मुदत संपण्याआधीच विचारला पाहिजे. मुदत उलटल्यावर तो विचारायला न्यायालयाखेरीज जागा उरत नाही.