दुसऱ्या क्रमांकाची गाणी

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. कर्जाचे अर्ज, तारण, जामीनदार यांपलीकडे बँकेला काही सुचत असेल, असे मला कधी वाटले नाही. जाहिराती आम्हीही देत असू. त्यात मुदत ठेवींचे व्याजदर असत. त्या वाचून कोणी गुणगुणायला लागला असता तर आम्ही त्याला पाणी प्यायला दिले असते! म्हणून कॅलिफोर्नियातल्या क्रॉकर बँकेची हकीकत मला अजून नवलाची वाटते.

१९७० साली या बँकेला तरुण खातेदार हवे होते. हॅल रायनी या जाहिरातकाराने बँकेविषयी फारसे बोलायचेच नाही असे ठरवले. नवे लग्न झालेले जोडपे गाडीतून निघाले आहे आणि मागे गाणे चालू आहे. आत्ता कुठे सुरुवात झाली आहे, अशा अर्थाचे. शब्द पॉल विल्यम्सचे, चाल रॉजर निकोल्सची. रिचर्ड कारपेंटर या तरुण संगीतकाराने ते टीव्हीवर ऐकले. विल्यम्स त्याच्याच रेकॉर्ड कंपनीतला. त्याने आवाज ओळखला आणि विचारले, हे पूर्ण गाणे आहे का? विल्यम्सने ‘आहे’ म्हणून ठोकून दिले आणि उरलेले नंतर लिहिले. (शेवटचे प्रकरण तेवढे राहिले आहे, असे प्रकाशकाला मीही सांगितले आहे. राहिलेली प्रकरणे चार होती.)

रिचर्ड आणि त्याची धाकटी बहीण कॅरन म्हणजे ‘द कारपेंटर्स’. त्याच वर्षी त्यांचे ‘क्लोज टू यू’ बिलबोर्डच्या यादीत चार आठवडे पहिले होते. बुधवारच्या रात्री बिनाका गीतमालेची पायदाने मोजलेल्या पिढीला या यादीची ओढ समजावून सांगायला नको. दुकानांतला रेकॉर्डचा खप आणि रेडिओवर गाणे किती वाजते, यावरून ती ठरे. बँकेचे गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले आणि तिथेच थांबले. पुढे ‘रेनी डेज अँड मंडेज’ दुसरे, ‘सुपरस्टार’ दुसरे, ‘हर्टिंग ईच अदर’ दुसरे, १९७३ चे ‘यस्टरडे वन्स मोअर’ही दुसरे. पहिल्या जागी कधी कॅरोल किंग, कधी रॉड स्टुअर्ट, कधी निल्सन. पहिला क्रमांक एकूण तीनदाच मिळाला.

तेव्हाच्या समीक्षकांनी ही गाणी फार गोड म्हणून नाक मुरडले. मला ते पटत नाही. चाली गुळगुळीत असतील, पण कॅरनचा आवाज खर्जातला, सावकाश उतरणारा. आनंदाच्या ओळीतही तो थोडा मागे राहतो. तरी ती स्वतःला आधी ड्रमवादक समजे. लोकांना गाणारी दिसावी म्हणून हळूहळू तिला ड्रमच्या मागून उठवून पुढे उभे केले गेले.

आणि मग तिच्या आयुष्यात दुसरा आकडा आला, वजनाचा. १९७५ साली ती ४१ किलोंच्या आसपास होती. इंग्लंड आणि जपानचे दौरे रद्द करावे लागले. अॅनोरेक्सिया नर्व्होझा हे नाव तेव्हा सामान्य घरांत ठाऊक नव्हते. ते पुष्कळांनी प्रथम ऐकले ते ४ फेब्रुवारी १९८३ ला ती हृदय बंद पडून गेली तेव्हा. तेहेतिसावे पूर्ण व्हायला महिनाही नव्हता. रिचर्डही त्याआधी झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनातून उपचार घेऊन उठला होता. यादीतला क्रमांक दर आठवड्याला छापून येत होता. या गोष्टी त्यात येण्यासारख्या नव्हत्या.

आता मुलीने जेवण निम्मे केले की आपण ‘डाएट करतेय’ म्हणून कौतुकाने सांगतो. वजन उतरले की नातेवाईक शाबासकी देतात. काय बिघडते आहे का, हे विचारायला कोणी थांबत नाही. परीक्षेचे टक्के, वजनाचे किलो, सगळे आपण एकाच उत्साहाने वाचतो. कॅरनच्या भोवतीची माणसे काही दुष्ट नव्हती. मलाही माहीत आहे, आकडा समोर असला की माणसाकडे पाहायचे राहून जाते. अर्जदाराचा चेहरा न बघता मी कितीतरी अर्ज निकालात काढले आहेत.

क्रॉकर बँक १९८६ साली वेल्स फार्गोत विलीन झाली. तिचे जाहिरातीतले गाणे मात्र अमेरिकेत लग्नाचे गाणे होऊन बसले. कॅरनचे स्वतःचे आवडते होते ‘आय नीड टू बी इन लव्ह’. १९७६ साली ते अमेरिकेत पंचविसाव्या क्रमांकापर्यंतच गेले. १९९५ साली जपानमधल्या एका टीव्ही मालिकेच्या शेवटी ते वाजू लागले आणि या भावंडांच्या गाण्यांचा संग्रह तिथे लाखोंनी खपला. घेणाऱ्यांत अशी मुले होती, जी ती गेली तेव्हा बोलायलाही शिकली नव्हती.