मूळ फाईल पुसण्याची घाई नको



मोबाईलमधली जागा संपली की तुम्ही काय करता? "व्हिडिओ कॉम्प्रेस करा, फाईल लहान होईल, मग मूळची पुसून टाका," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. या सल्ल्याचा पहिला भाग विचार करून पाळण्यासारखा आहे; शेवटचा भाग मात्र धोक्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे थोड्या गणिताच्या आधाराने पाहू.

तुमच्या मोबाईलवरील नेहमीच्या व्हिडिओच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरा आणि सेकंदाला ३० चित्रे धरा. एका सेकंदाला सुमारे १८७ मेगाबाइट आणि एका मिनिटाला सुमारे ११,२०० मेगाबाइट होतात! प्रत्यक्षात मोबाईलमधील एका मिनिटाची फाईल साधारणतः ६० ते १३० मेगाबाइटची असते. म्हणजे चित्रण करतानाच मोबाईलने माहिती शंभर पटींच्या आसपास दाबलेली असते. तेव्हा ज्याला तुम्ही 'मूळ' फाईल म्हणता, ती आधीच एकदा पिळून निघालेली आहे, हे प्रथम ध्यानात घ्या.

ही किमया कशी साधते? एक तर लागोपाठच्या चित्रांत बराच भाग तसाच राहतो. तो पुन्हा पुन्हा न लिहिता फक्त बदल लिहिले जातात. दुसरे, चित्राचे छोटे चौकोन पाडून त्यांतील उजेड-अंधाराचा चढउतार लहानमोठ्या लहरींच्या बेरजेत मांडतात. या गणिताला 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' असे म्हणतात. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली ते प्रसिद्ध केले. २००३ मध्ये आलेल्या आणि आजही सर्वत्र वापरात असलेल्या एच.२६४ या पद्धतीतही त्याचेच एक सोपे रूप आहे.

या लहरींचे आकडे मग ठोकळ केले जातात, म्हणजे जवळच्या पायरीवर नेऊन बसविले जातात. पायरी जितकी मोठी, तितकी फाईल लहान आणि चित्र ओबडधोबड. खरी मेख येथेच आहे. समजा, एक आकडा ४६ आहे आणि पायरी १० ची आहे. तो ५० होईल. आता ही दाबलेली फाईल कोणी १४ च्या पायरीने पुन्हा दाबली. ५० ला १४ च्या पाढ्यातील जवळचा आकडा ५६. म्हणजे चूक १० ची. पण मूळच्या ४६ ला एकदाच १४ ची पायरी लावली असती, तर ४२ आले असते आणि चूक फक्त ४ ची झाली असती! प्रत्येक आकड्याचे असे होत नाही. काहींचे उत्तर दोन्ही मार्गांनी सारखेच येते. पण एकदा ५० लिहिले गेल्यावर तो मुळात ४६ होता की ५३, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. शिवाय पहिल्या वेळी उमटलेल्या चौकोनी कडा या खऱ्या चित्राचाच भाग आहेत, असे समजून दुसऱ्या वेळी त्या जपण्यातही बिट खर्च होतात.

हा धोका केवळ कागदावरचा नाही. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ मधून मानव चंद्रावर उतरला, तेव्हा तेथून येणारे चित्र ३२० रेषांचे आणि सेकंदाला १० चौकटींचे होते. घरोघरचे टीव्ही संच ते दाखवू शकत नसत. म्हणून पृथ्वीवरील केंद्रांत ते एका पडद्यावर उमटवून त्याच्यासमोर टीव्ही कॅमेरा लावला गेला आणि ते रूपांतरित चित्र जगभर पोचले. या रूपांतरात त्याची स्पष्टता घटली. मूळ संदेश चुंबकीय फितींवर नोंदला होता. पण त्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष दीर्घ शोधानंतर नासाने २००९ मध्ये जाहीर केला. दुय्यम प्रती सुधारून घेण्यापलीकडे मग काही हाती राहिले नाही. फिती वाचविण्यासाठी केलेली ही काटकसर किती महागात पडली, पाहा!

तुमच्या आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या आणि तुम्ही त्या चित्रित केल्या, तर तुमच्या घरापुरते ते चित्रण चंद्रावरील चित्रणापेक्षा कमी मोलाचे नाही. ते पुन्हा कधी घेता येईल याची खात्री कोण देणार?

"पण सर, जागा आणायची कुठून?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. अनेक घरांत एकच मोबाईल असतो आणि सगळेच जपून ठेवणे परवडत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की आधी निवड करावी. पुन्हा न मिळणारे चित्रण वेगळे काढून पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर जसेच्या तसे, शक्यतो दोन ठिकाणी ठेवावे. बाकीचे खुशाल लहान करावे. मात्र काही पथ्ये पाळून.

नवी फाईल नेहमी वेगळ्या नावाने करा. ती मूळ फाईलवरूनच करा, आधी लहान केलेल्या प्रतीवरून नव्हे. संदेशाच्या ॲपवरून व्हिडिओ म्हणून आलेली प्रत बहुधा आधीच दाबलेली असते. मित्राकडून मूळ हवी असेल, तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. हँडब्रेक किंवा एफएफएमपेग यांसारखी मोफत साधने वापरताना बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचे बिट, अंदाजाने ठरविण्यापेक्षा दर्जाचा अंक ठरवावा. एक्स२६४ मध्ये तो न सांगितल्यास २३ धरला जातो; अंक लहान, तर दर्जा चांगला. आवाजाला मुळात जागा थोडीच लागते, तेव्हा तो न बदलता तसाच उतरवून घ्यावा. आणि केवळ सुरुवातीचा नको असलेला भाग कापायचा असेल, तर पुन्हा दाबण्याची गरजच नसते. न दाबताही कापता येते.

शेवटी तपासणी. दोन्ही फायलींचा कालावधी सारखा आहे ना? आरंभ, मध्य आणि शेवट नीट चालतो ना? अंधाराचा आणि भराभर हालचालीचा भाग मोठ्या पडद्यावर पाहा. दोष तेथेच आधी दिसतात. कधी कधी नवी फाईल जुनीपेक्षा मोठीही निघते. मग तो खटाटोप सोडून द्यावा. हे सारे पटल्यावरच जुनी फाईल पुसण्याचा विचार करावा.

मित्रहो, एक प्रयोग करून पाहा. एक मिनिटाचा कोणताही व्हिडिओ घ्या. तो दाबा, आलेली प्रत पुन्हा दाबा, असे दहा वेळा करा. दहावी प्रत पहिलीशेजारी लावून झाडाची पाने आणि चेहरे न्याहाळा. मूळ फाईल का जपावी, हे मग कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.